दाढेतल्या सिमेंटमधून काय झिरपते आणि ते कमी कसे करायचे

दाढेत भरलेले सिमेंट किंवा चांदी वर्षानुवर्षे तोंडात राहते. लाळ, गरम चहा, चावण्याचा दाब, ब्रश, सगळ्यांचा मारा त्यावर रोज सुरू असतो. त्यातून काहीच सुटत नाही असे कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर ते चूक आहे. ‘दात भरू नका, विष आहे’ असे फिरणारे मेसेज त्याहून चूक आहेत, कारण न भरलेली कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचते आणि मग पू, ताप, अँटिबायोटिक्स, रूट कॅनल किंवा दात काढणे हे ओघाने येतेच.

पांढऱ्या सिमेंटमधून सुटणाऱ्या रसायनांचा मोठा वाटा पहिल्या काही तासांत बाहेर पडतो. तो किती असेल हे दवाखान्यातल्या त्या अर्ध्या तासात ठरते. थर किती जाड घातले, लाइट किती वेळ आणि किती जवळून दिला, शेवटी वरचा भाग पुसला की नाही, यावर बरेच अवलंबून असते. साहित्याच्या नावावरून वाद घालण्यापेक्षा पेशंटने तिथे लक्ष द्यावे.

दाढेत काय भरले आहे ते आधी ओळखा

आरशासमोर उभे राहून मोबाइलचा टॉर्च तोंडात पाडा. राखाडी, काळपट, धातूसारखे दिसत असेल तर ते ॲमलगम, म्हणजे बोलीतली ‘चांदी’. नाव चांदीचे असले तरी वजनाने जवळजवळ निम्मा पारा असतो, उरलेल्या भागात चांदी, कथील, तांबे. दाताच्या रंगाचे, गुळगुळीत आणि दातापासून चटकन वेगळे न दिसणारे असेल तर कॉम्पोझिट. निळा लाइट मारून कडक करतात म्हणून दवाखान्यात त्याला ‘लाइट क्युअर’ म्हणतात. पांढुरके, खडूसारखे, चमक कमी असलेले बहुधा ग्लास आयोनोमर, म्हणजेच जीआयसी. लवंगेचा वास येणारे मऊसर पांढरे भरण तात्पुरते असते, झिंक ऑक्साइड आणि युजेनॉलचे.

नुसते बघून कॉम्पोझिटची कंपनी कळत नाही. म्हणून यापुढे दात भराल तेव्हा केसपेपरवर किंवा बिलावर साहित्याचे पूर्ण नाव, दाताचा क्रमांक आणि तारीख लिहून घ्या आणि त्याचा फोटो काढून ठेवा. पाच वर्षांनी गालाला आतून चट्टा आला, तर त्वचारोगतज्ज्ञ पहिला प्रश्न हाच विचारतील.

बिस्फेनॉल-ए येते कुठून

कॉम्पोझिटमध्ये काचेची अतिशय बारीक पूड असते आणि ती धरून ठेवणारे रेझिन असते. बऱ्याच कॉम्पोझिटमध्ये हे रेझिन म्हणजे बिस-जीएमए. राफेल बोवेन यांना १९६२ मध्ये अमेरिकेत त्याचे पेटंट मिळाले. ते तयार होते बिस्फेनॉल-ए पासून, आणि बिस्फेनॉल-ए शरीरात इस्ट्रोजेन या संप्रेरकासारखे वागू शकते. बाळाच्या दुधाच्या बाटल्यांत ते चालत नाही ते याच काळजीपोटी.

इथे एक बारकावा लक्षात घ्यायला हवा. बिस-जीएमए लाळेत फुटून त्याचे परत बिस्फेनॉल-ए होत नाही, त्याचा रासायनिक जोड पक्का असतो. कारखान्यात तयार होताना मागे राहिलेला थोडासा अंश मात्र त्यात असू शकतो. बिस-डीएमए नावाचे दुसरे रेझिन काही सीलंटमध्ये, म्हणजे कीड टाळण्यासाठी दाढेच्या खाचांवर लावायच्या लेपांत, असायचे. त्याचा जोड लाळेतली एन्झाइम्स सहज तोडतात आणि बिस्फेनॉल-ए थेट मोकळे होते. या दोन नावांत एकाच अक्षराचा फरक आहे, पण पेशंटच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा.

१९९६ मध्ये स्पेनमधल्या ग्रानादा विद्यापीठाच्या संशोधकांनी १८ जणांच्या दाढांवर प्रत्येकी ५० मिलिग्रॅम सीलंट लावले आणि पुढच्या तासाभराची लाळ गोळा केली. त्यात ९० ते ९३१ मायक्रोग्रॅम बिस्फेनॉल-ए सापडले. सगळी चर्चा तिथून पेटली. पुढच्या अभ्यासांत एवढे मोठे आकडे आले नाहीत. बिस-डीएमए असलेल्या सीलंटमधून पहिले काही तास ते लाळेत दिसले, रक्तात सापडले नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१६ मध्ये १२ सीलंट तपासली, तेव्हा चार दातांवर लावलेल्या सीलंटमागे आकडा ०.०९ नॅनोग्रॅम एवढाच आला. कॉम्पोझिट भरलेल्या मुलांच्या लघवीत बिस्फेनॉल-ए दुसऱ्या दिवशी वाढलेले दिसते आणि दोन आठवड्यांत ती वाढ ओसरलेली असते.

मग घाबरायचे कारण संपले का? तसेही नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने एप्रिल २०२३ मध्ये रोजची सुरक्षित मर्यादा वजनाच्या दर किलोमागे ४ मायक्रोग्रॅमवरून ०.२ नॅनोग्रॅमवर आणली, म्हणजे २०,००० पट खाली. २० किलोच्या मुलासाठी हे दिवसाला ४ नॅनोग्रॅम होते. जर्मनीच्या जोखीम मूल्यमापन संस्थेला हा आकडा मान्य नाही. त्यांची मर्यादा किलोमागे २०० नॅनोग्रॅम आहे. तज्ज्ञांमध्येच हजार पटींचा फरक असताना पेशंटने आकड्यांच्या मागे लागू नये. जे रसायन दोन मिनिटांच्या कामाने कमी होते ते कमी करून घ्यावे, एवढे साधे आहे.

बिस्फेनॉल-ए खेरीज टीईजीडीएमए आणि हेमा ही छोट्या रेणूंची रेझिन्सही सुटतात. त्यांचे प्रमाण बिस्फेनॉल-ए पेक्षा पुष्कळ जास्त असते. त्यांचा मुख्य त्रास ॲलर्जीचा.

जाण्याआधी विचारायचे प्रश्न

फोनवर किंवा तपासणीच्या दिवशी विचारा, ड्रिल सुरू झाल्यावर नको.

१. कोणते साहित्य भरणार? पाकिटावरचे नाव सांगाल का?

२. त्यात बिस-डीएमए आहे का? बिस-जीएमए आहे का? यूडीएमए या वेगळ्या रेझिनवर आधारलेली कॉम्पोझिट्स मिळतात, पण त्यातल्या काहींत बिस-ईएमए मिसळलेले असते आणि तेही बिस्फेनॉल-ए च्याच घराण्यातले. ‘बीपीए-फ्री’ असे पाकिटावर छापले असेल तर त्याचा अर्थ बिस्फेनॉल-ए मुद्दाम घातलेले नाही, एवढाच असू शकतो. माहितीपत्रकातली घटकांची यादी पाहायला मागा. भारतात बऱ्याच ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या सेन्शन-एनच्या द्रवात बिस-जीएमए, हेमा आणि टीईजीडीएमए तिन्ही नाहीत.

३. रबर डॅम लावणार का?

४. लाइटची ताकद शेवटची कधी मोजली? हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण चांगल्या डॉक्टरांना त्याचा राग येत नाही.

आणि एक विनंती: “डॉक्टर, भरून झाल्यावर वरचा चिकट थर पुसून घ्याल ना? मला नंतर अर्धा मिनिट चूळ भरायची आहे.”

खुर्चीवर काय घडायला हवे

रबर डॅम म्हणजे रबराचा पातळ पडदा. त्यातून फक्त काम चाललेला दात बाहेर डोकावतो. त्यामुळे रेझिनचे थेंब, खरवडलेली पूड घशाकडे जात नाही आणि लाळ सिमेंटमध्ये मिसळत नाही. लाळ लागली की बाँड, म्हणजे सिमेंट दाताला चिकटवणारा द्रव, नीट धरत नाही, कडेला फट राहते आणि पुढे तिथूनच कीड शिरते. डॅम बसणे शक्य नसेल तर कापसाच्या गुंडाळ्या आणि सतत चालू असलेले सक्शन ही किमान अपेक्षा.

खड्डा साफ झाल्यावर जेल लावून दात खरखरीत करतात, धुतात आणि मग बाँडचा पातळ थर लावतात. बाँडमध्ये बहुधा हेमा असते. लाइट देण्याआधी त्यावर हवेचा हलका झोत मारायचा असतो, म्हणजे त्यातले द्रावक उडून जाते. ही पायरी गाळली तर बाँड अर्धवट कच्चा राहतो आणि नसेला झोंबतो. भरल्यानंतर महिनाभर थंड लागत राहण्याचे हे एक नेहमीचे कारण.

मग कॉम्पोझिट. एका वेळी २ मिलिमीटरपेक्षा जाड थर नको. बल्क-फिल प्रकारात ४ मिलिमीटर चालतो. प्रत्येक थरावर निळा लाइट, साधारण १,००० मिलिवॅट प्रति चौरस सेंटीमीटर ताकदीचा असेल तर २० सेकंद. लाइट कितीही चांगला असला तरी रेझिनचे रेणू शंभर टक्के एकमेकांना जुळत नाहीत. साधारण ५५ ते ७५ टक्के बंध जुळतात आणि उरलेल्यातले काही रेणू मोकळे राहतात. तेच पुढे लाळेत उतरतात. लाइट कमी पडला की मोकळे रेणू वाढतात. वरून दगडासारखे कडक, खाली मऊ, असे भरण यातूनच तयार होते.

खुर्चीवर पडल्या पडल्या तुम्हालाही काही गोष्टी कळतात. लाइटचे टोक दाताला जवळजवळ टेकलेले आणि स्थिर आहे का? डॉक्टर किंवा मदतनीस नारिंगी ढालीतून टोकाकडे बघत आहेत का? ढाल नसेल तर डोळे दिपू नयेत म्हणून मान वळवली जाते, हात नकळत सरकतो आणि प्रकाश दाताऐवजी हिरडीवर पडतो. दोन दाढांच्या मधला खड्डा खोल असतो, तिथला तळ टोकापासून ६ ते ८ मिलिमीटर लांब पडतो. अशा ठिकाणी पहिल्या थराला जास्त वेळ लाइट द्यायला सांगणे रास्त आहे. टोकाला जुने सिमेंट चिकटून सुकलेले असेल तर प्रकाश तिथेच अडतो.

डॉक्टर मित्रांसाठी: लाइटची ताकद मोजणारा रेडिओमीटर नसेल तर २ मिलिमीटर जाडीचा ठोकळा नेहमीच्या वेळेत क्युअर करून त्याची खालची बाजू प्रोबने खरवडा. खालून सहज निघत असेल तर लाइट बदला किंवा वेळ वाढवा.

शेवटची पायरी सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते. कॉम्पोझिटचा हवेला लागलेला वरचा पापुद्रा जुळतच नाही, कारण ऑक्सिजन ती क्रिया अडवतो. लाइट देऊन झाल्यावर हातमोज्याचे बोट फिरवले तर पृष्ठभाग चिकट, ओशट लागतो. तोच हा थर. घासून, पॉलिश करून भरण पूर्ण केले की तो निघून जातो. मात्र सीलंटला पॉलिश करत नाहीत, त्यामुळे तिथे तो जसाच्या तसा राहतो. उपाय सोपा आहे: कापसाच्या बोळ्यावर ओली प्युमिस पूड घेऊन पृष्ठभाग चोळायचा, भरपूर पाण्याने धुऊन सक्शनने ओढून घ्यायचे. भरण असेल तर शेवटचा लाइट ग्लिसरीन जेलच्या थरातून द्यायचा, म्हणजे हवाच लागत नाही. त्यानंतर पेशंटने ३० सेकंद चूळ खळखळवून थुंकायची. गिळायची नाही. दोनदा केली तर उत्तम. ज्या लहान मुलांना थुंकता येत नाही, त्यांचे दात आणि जीभ ओल्या गॉजने पुसून सक्शन फिरवावे.

पॉलिश पाण्याच्या फवाऱ्याखालीच व्हायला हवे. कोरडी पूड डॉक्टर आणि पेशंट दोघांच्याही नाकात जाते.

कोणासाठी काय निवडावे

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना चांदी भरू नये आणि असलेली चांदी काढूही नये. दुखत असेल, पू असेल तर उपचार कोणत्याही महिन्यात करावा, थांबणे जास्त घातक. न दुखणारी छोटी कीड असेल तर जीआयसीने बंद करून पक्के भरण बाळंतपणानंतर करता येते. खुर्चीवर पडायला सोयीचा काळ चौथा ते सहावा महिना.

दुधाच्या दातांसाठी जीआयसी चांगले. त्यात बिस्फेनॉल-ए चा संबंध नाही आणि ते फ्लोराइड सोडते. चावण्याच्या मोठ्या पृष्ठभागावर ते लवकर झिजते, पण जो दात तीन-चार वर्षांत पडणारच आहे तिथे तेवढे पुरते. एक खबरदारी: ‘रेझिन मिसळलेले’ जीआयसी वेगळे, त्यात हेमा असते. न्यू इंग्लंडमधल्या मुलांवरच्या एका चाचणीच्या आकडेवारीचे २०१२ मध्ये पुन्हा विश्लेषण झाले. बिस-जीएमए कॉम्पोझिट जास्त असलेल्या मुलांच्या वर्तनविषयक चाचण्यांचे गुण पाच वर्षांनी थोडे कमी दिसले, यूडीएमए प्रकारात तसे दिसले नाही. कारण सिद्ध झालेले नाही. तरी लहान मुलासाठी दोन सारखे पर्याय समोर असतील तर बिस-जीएमए नसलेला घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. सीलंटला मात्र नाही म्हणू नये. कीड टाळण्याचा त्याचा फायदा मोठा आहे.

नखांना जेल किंवा ॲक्रिलिक लावून बोटांना खाज, पुरळ आले असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्या जेलमध्येही हेमा असते आणि एकदा ॲलर्जी जडली की ती कायमची असू शकते. वैद्यकीय महाविद्यालयांच्या त्वचा विभागात पॅच टेस्ट, म्हणजे त्वचेवर ठिपके लावून ॲलर्जीची तपासणी, होते. त्यात २ टक्के हेमाचा ठिपका आहे का हे विचारा. दवाखान्यातल्या मदतनिसांनीही हे ध्यानात ठेवावे: हेमा साध्या लॅटेक्सच्या मोज्यातून काही मिनिटांत आरपार जाते. बाँड बोटाला लागला तर मोजा लगेच काढायचा, ‘नंतर बदलू’ नको.

घरी आल्यावर

कॉम्पोझिट लगेच कडक झालेले असते, बधिरता उतरली की जेवता येते. जीआयसीला पहिला दिवस जपावे लागते. डॉक्टर त्यावर वार्निश किंवा व्हॅसलीन लावतात, कारण सुरुवातीला पाणी लागले किंवा ते सुकले तर पृष्ठभाग खडूसारखा ठिसूळ होतो. त्या बाजूने दिवसभर चावू नका. अल्कोहोल असलेला माउथवॉश कॉम्पोझिटच्या रेझिनला मऊ करतो, बिनअल्कोहोलचा घ्या. मिसरी घासणाऱ्यांचे भरण वेगाने झिजते. तिचे बाकीचे धोके तर आहेतच.

थंडाची कळ दोन-तीन आठवड्यांत कमी होत गेली पाहिजे. रात्री आपोआप ठणकू लागले तर ते रसायन नव्हे, नस आहे. वाट पाहू नका. भरण उंच वाटत असेल तर ‘सवय होईल’ म्हणून सोडू नका, दोन मिनिटांत घासून मिळते. गालाच्या आत, नेमके भरण टेकते तिथेच पांढऱ्या जाळीसारखा किंवा लाल चट्टा आला, तर त्याला लायकेनॉइड चट्टा म्हणतात. तो चांदीजवळ जास्त दिसतो आणि भरण बदलल्यावर बहुधा काही महिन्यांत जातो. चट्टा इतरत्रही असेल किंवा तंबाखूची सवय असेल तर आधी तज्ज्ञाकडून तपासून घ्या, परस्पर भरण बदलू नका.

जुनी चांदी काढायची का?

ती घट्ट असेल, कडेला फट नसेल, चट्टा नसेल तर काढू नका. चांदीतून पाऱ्याची वाफ थोडी थोडी सुटत राहते. चघळणे, दात खाणे आणि गरम पेयांनी ती वाढते. पण सगळ्यात जास्त पारा बाहेर पडतो तो भरताना आणि ड्रिलने काढताना. २००६ मध्ये अमेरिका आणि पोर्तुगालमधल्या प्रत्येकी ५०० हून अधिक मुलांवरच्या दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या. चांदी भरलेल्या मुलांच्या लघवीत पारा थोडा जास्त होता, पण स्मरणशक्ती, लक्ष, बुद्ध्यांक यांत फरक आढळला नाही.

तरीही नव्याने चांदी भरून घेऊ नका, असेच आम्ही सांगू. अमेरिकेच्या एफडीएने सप्टेंबर २०२० मध्ये गरोदर व पाजणाऱ्या स्त्रिया, सहा वर्षांखालची मुले, मज्जासंस्थेचे किंवा मूत्रपिंडाचे आजार असलेले आणि पाऱ्याची ॲलर्जी असलेले यांना ती टाळायला सांगितले, आणि त्याच निवेदनात चांगल्या स्थितीतली चांदी काढू नये असेही सांगितले. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून अपवाद वगळता ती बंद केली. पाऱ्यावरचा मिनामाता करार भारताने २०१८ मध्ये स्वीकारला. खलात पारा घोटून, कापडातून पिळून, तळहातावर मळून चांदी भरण्याची जुनी पद्धत कुठे दिसली तर तिथून उठून यावे.

काढावीच लागली तर अशी: रबर डॅम, मोठे सक्शन, पाण्याचा भरपूर मारा, ड्रिलला नवा कार्बाइड बर (कापणारे टोक). चांदीचा भुगा न करता तिचे मोठे तुकडे पाडून उचलायचे. खिडकी उघडी. तुकडे घट्ट झाकणाच्या डब्यात, बेसिनमध्ये नाही.

पाऱ्याची तपासणी करायचीच असेल तर २४ तासांची लघवी द्या. रक्तातला पारा मुख्यतः मासे सांगतो. मुशीसारखा मोठा मासा आठवडाभर खाल्ला असेल तर रक्ताचा आकडा चांदीच्या माथी मारला जाईल. ‘डिटॉक्स’चे औषध देऊन मग लघवी तपासणारी चाचणी कोणाचाही आकडा फुगवते. ती नाकारा आणि तिच्या आधारावर दिले जाणारे सलाइनही नाकारा, त्याने मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

नस मारण्याचे औषध

बिस्फेनॉल-ए वर एवढी चर्चा होते आणि याकडे लक्ष जात नाही. दाढ बधिर होत नसेल तर काही ठिकाणी आजही आर्सेनिक किंवा पॅराफॉर्मल्डिहाइड असलेली पेस्ट नसेवर ठेवून वर तात्पुरते सिमेंट लावतात. ते सिमेंट कडेने गळले तर पेस्ट हिरडीवर उतरते आणि हिरडी, तिच्याखालचे हाडही मरते. आर्सेनिकला साफ नकार द्या. मुलांच्या दुधाच्या दातांत वापरले जाणारे फॉर्मोक्रेसॉलही टाळता येते; त्यातले फॉर्मल्डिहाइड २००४ मध्ये कर्करोगकारक ठरवले गेले आहे आणि एमटीए या सिमेंटसारखा पर्याय उपलब्ध आहे.

पॅराफॉर्मल्डिहाइडची पेस्ट ठेवलीच असेल तर तिचे नाव आणि परत यायची तारीख लिहून घ्या. ती तारीख चुकवू नका, दुखणे थांबले असले तरी. मधल्या दिवसांत त्या दाढेशेजारची हिरडी पांढरी किंवा राखाडी पडली, जळजळू लागली किंवा तात्पुरते सिमेंट निघाले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि पेस्ट काढून घ्या.